मुलाच्या पोटगीची थकबाकी: वहीपासून वॉरंटपर्यंत, क्रमाने

पोटगीचा आदेश हातात आहे, समोरच्याची नोकरीही चालू आहे, तरी मुलाच्या खात्यात पैसे नाहीत. अशा वेळी बहुतेक आया दोनपैकी एक चूक करतात. एकतर दोन-दोन वर्षं वाट बघतात, नाहीतर पहिल्याच दिवशी "त्याला आत टाका" म्हणत कोर्टात येतात. पहिलीची बरीचशी रक्कम सोप्या वाटेने मिळायची राहून जाते. दुसरीच्या अर्जात हिशेब कच्चा असतो. समोरचा वकील दोन पावत्या काढून दाखवतो आणि कोर्टाला सगळाच तक्ता संशयास्पद वाटू लागतो.

मी दोन्ही बाजूंची वकीलपत्रं घेते. थकबाकीदार बापांचीही. दोन्हीकडून पाहिल्यावर माझं मत पक्कं झालंय: कडक वसुली आणि न्याय्य वसुली यांचा पाया एकच, खरा हिशेब. खाली आई अर्जदार आणि बाप देणारा असं धरून लिहिलंय, कारण बहुतेक प्रकरणं तशीच असतात. पैसे थकलेल्या वडिलांसाठीही एक टप्पा आहे, तो त्यांनी आधी वाचला तरी चालेल.

## टप्पा १: आदेश कोणत्या कायद्याखाली आहे ते बघा

आदेशाच्या पहिल्या आणि शेवटच्या पानावरून पाच गोष्टी वहीत उतरवून घ्या.

१. कलम. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४? की घरगुती हिंसाचार कायद्याचं कलम २०, की हिंदू विवाह कायद्याचं २४ किंवा २६? वसुलीची वाट यावरूनच ठरते.

२. मुलाची रक्कम वेगळी लिहिली आहे का? "पत्नीस दरमहा ८,००० व मुलास दरमहा ६,००० रुपये" अशी फोड असेल तर अर्जातही तीच ठेवा. आईच्या पोटगीवर पुनर्विवाहासारख्या कारणाने हरकत येऊ शकते. मुलाच्या रकमेला ती हरकत लागू होत नाही.

३. कधीपासून? आदेशाच्या तारखेपासून की अर्जाच्या? रजनीश विरुद्ध नेहा या निकालात (४ नोव्हेंबर २०२०) सर्वोच्च न्यायालयाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असं सांगितलं. त्यामुळे त्यानंतरच्या बऱ्याच आदेशांत पहिल्याच दिवशी मोठी थकबाकी उभी असते.

४. महिन्याच्या कोणत्या तारखेला?

५. कसे? कोर्टात जमा करून, की कोणाच्या खात्यावर?

आदेशाची प्रत देणं हे कलम १२५ किंवा १४४ च्या प्रकरणात कोर्टाचंच काम आहे, आणि ज्याच्या बाजूने आदेश झाला त्याला किंवा त्याच्या पालकाला ती विनामूल्य मिळते. झेरॉक्सवर अर्ज करू नका, शिक्क्याची प्रत घ्या. केसचा सोळा अक्षरी-आकडी सीएनआर नंबरही टिपून ठेवा. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर त्यावरून तारखा सापडतात.

तपासा: आदेशाला वरच्या कोर्टात स्थगिती आहे का? नुसतं अपील किंवा रिव्हिजन (फेरतपासणीचा अर्ज) दाखल झाल्याने आदेश थांबत नाही, स्थगितीचा स्वतंत्र आदेश लागतो. "आम्ही हायकोर्टात गेलोय" एवढं ऐकून गप्प बसलेल्या बाया मी दर महिन्याला बघते.

## टप्पा २: महिनावार तक्ता

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. वकिलाकडे जाण्याआधी.

माझ्याकडे आलेली एक आई मुलाची शाळेची जुनी डायरी घेऊन आली होती. मागच्या कोऱ्या पानांवर तिने महिने एकाखाली एक लिहिले होते आणि पैसे आले त्या महिन्यासमोर निळ्या पेनाने आकडा. ऑक्टोबरसमोर ६,००० लिहून पुढे "चेक, वटला" असं होतं. जानेवारीसमोर ३,००० आणि पुढे "फोनवरून आले, उरलेले नंतर म्हणाला". मी तिचा तक्ता जवळजवळ जसाच्या तसा अर्जाला जोडला. समोरच्या वकिलाला त्यात खोडायला काही सापडलं नाही.

तक्त्यात सहा रकाने हवेत: महिना, देय तारीख, देय रक्कम, मिळालेली रक्कम, कशी मिळाली, बाकी.

एक नमुना बघू. मुलाची पोटगी दरमहा ६,००० रुपये, देय तारीख दर महिन्याची १०. मार्च २०२४ पासून नियमित भरणा बंद. अर्ज दाखल होतोय ५ ऑगस्ट २०२५ ला.

ऑगस्ट २०२४ ते जुलै २०२५ हे बारा हप्ते, म्हणजे ७२,००० देय. या काळात ऑक्टोबरात ६,०००, जानेवारीत ३,००० आणि एप्रिलमध्ये ३,००० आले. एकूण १२,००० मिळाले, बाकी ६०,०००. त्याआधीचे मार्च ते जुलै २०२४ हे पाच हप्ते, म्हणजे ३०,००० रुपये, वेगळ्या पानावर लिहायचे. का, ते पुढच्या टप्प्यात.

तक्ता करताना होणाऱ्या चुका:

- रोख मिळालेले पैसे लपवणं. "त्याच्याकडे कुठे पावती आहे" हा सल्ला नातेवाईक देतात. देऊ दे. शपथपत्रावर खोटं लिहिलंत आणि एक साक्षीदार उभा राहिला, तर खऱ्या साठ हजारांवरही कोर्ट शंका घेतं.
- आईचे आणि मुलाचे पैसे एकाच रकान्यात ओतणं.
- दोन कायद्यांखाली दोन आदेश असताना तोच महिना दोनदा मागणं. रजनीश विरुद्ध नेहा निकालानुसार आधीचा आदेश उघड करणं बंधनकारक आहे आणि रकमेची वजावट कशी करायची ते नंतरचं कोर्ट ठरवतं. दुसऱ्या आदेशात त्याबद्दल काय लिहिलंय ते बघूनच तक्ता करा.
- आदेशात नसलेला खर्च थकबाकीत घालणं. क्लासची फी, चष्मा, दाताचं बिल हे खर्च खरे असतात, पण वसुली अर्जात फक्त आदेशातली रक्कम मागता येते. खर्च वाढलाय तर पोटगी वाढवून मागण्याचा अर्ज वेगळा करा, जुन्या संहितेत कलम १२७, नव्या संहितेत कलम १४६.

उलट बाजूही तितकीच खरी. बापाने परस्पर सायकल घेऊन दिली, वाढदिवसाला कपडे आणले, तर ते पोटगीत धरले जात नाहीत, आदेशात तशी सोय असल्याशिवाय. मात्र त्याने थेट शाळेत भरलेल्या फीची पावती असेल तर ती तक्त्याखाली टीप म्हणून नमूद करा. धरायची की नाही, कोर्ट ठरवेल. तुम्ही सांगितलीत, लपवली नाहीत, याचा उपयोग पुढच्या प्रत्येक तारखेला होतो.

तपासा: बँकेचं स्टेटमेंट घेऊन तक्त्यातली प्रत्येक नोंद टिकमार्क करा. मग बेरीज दुसऱ्या कोणाकडून करून घ्या.

## टप्पा ३: एक वर्षाची घडी

कलम १२५ किंवा १४४ खालच्या वसुलीचं वॉरंट हवं असेल, तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. वर उल्लेखलेल्या "वाट बघण्याच्या" चुकीची किंमत इथे मोजावी लागते.

नमुन्यातल्या आईने ५ ऑगस्टऐवजी १२ ऑगस्टला अर्ज केला असता, तर १० ऑगस्ट २०२४ चा हप्ता वर्षाबाहेर गेला असता. एका आठवड्यात ६,००० रुपये या वाटेवरून निसटले असते.

निसटलेले पैसे बुडाले असं मात्र समजू नका. पूंगोडी विरुद्ध थंगवेल (२०१३) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की वर्षाची मर्यादा त्या विशिष्ट वसुलीपुरती आहे, पोटगीचा हक्क त्याने संपत नाही. म्हणून ते ३०,००० वेगळ्या पानावर ठेवायचे आणि दिवाणी पद्धतीच्या वसुलीबद्दल वकिलाला विचारायचं.

एकदा वेळेत अर्ज दाखल झाला की पुढे थकत जाणाऱ्या हप्त्यांसाठी दर वेळी नवा अर्ज लागत नाही, त्याच प्रकरणात अर्ज देऊन ते जोडून मागता येतात. शांता विरुद्ध बी. जी. शिवनंजप्पा (२००५) या निकालाचा आधार द्या.

सावधान: "पुढच्या महिन्यात सगळे एकदम देतो" हे आश्वासन कितीही मनापासून दिलेलं असलं तरी त्याने वर्षाची मुदत वाढत नाही.

## टप्पा ४: अर्जाआधी एक लेखी विचारणा

कायद्याने सक्तीची नाही, तरी मी करायला लावते. चार ओळींचा मेसेज किंवा रजिस्टर पत्र: अमुक महिन्यांचे इतके रुपये बाकी आहेत, तक्ता सोबत आहे, चूक असेल तर पंधरा दिवसांत कळवा, न देण्याचं कारण असेल तर तेही लिहा.

भाषा साधी ठेवा. टोमणे नकोत, मुलाला भेटू देणार नाही अशी धमकी तर मुळीच नको. पोटगी आणि भेट हे दोन वेगळे आदेश आहेत. पैसे थकले म्हणून भेट रोखता येत नाही, भेट नाकारली म्हणून पैसे थांबवता येत नाहीत. दोन्ही बाजू ही चूक करतात आणि दोन्ही वेळा भोगतं ते पोर.

विचारणा का करायची? कायद्याचे शब्द आहेत "पुरेशा कारणाशिवाय" पैसे न देणं. कारण खरंच आहे का, हे कोर्ट विचारणारच. तुम्ही आधीच विचारलं होतं आणि उत्तर आलं नाही, हे कागदावर असेल तर दोन-तीन तारखा वाचतात.

## टप्पा ५: अर्ज कुठे, सोबत काय

ज्या कोर्टाने आदेश दिला तिथे अर्ज करता येतो. कौटुंबिक न्यायालय नसलेल्या ठिकाणी ते प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचं कोर्ट असतं. समोरचा दुसऱ्या गावी राहत असेल तर जुन्या संहितेच्या कलम १२८ आणि नव्या कलम १४७ नुसार तो राहतो तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडूनही अंमलबजावणी करून घेता येते. आदेश नागपूरचा आणि माणूस पुण्यात कामाला, असं असेल तर हे कलम लक्षात ठेवा. तिथे दोनच गोष्टींची खात्री पटवायची असते: माणूस तोच आहे आणि पैसे दिलेले नाहीत.

अर्जासोबत: आदेशाची शिक्क्याची प्रत, तक्ता, बँक स्टेटमेंट, शपथपत्र, मुलाच्या जन्मदाखल्याची प्रत, टप्पा ४ चं पत्र, आणि समोरच्याच्या उत्पन्न-मालमत्तेची यादी.

वकिलाचे पैसे नसतील तर थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया आणि मुलं मोफत वकिलाला पात्र आहेत, उत्पन्न कितीही असो. जिल्हा किंवा तालुका कोर्टाच्या आवारात विधी सेवेचं कार्यालय असतं. हेल्पलाइन १५१००.

## टप्पा ६: मालमत्तेची खरी यादी

"त्याच्याकडे खूप आहे" हे वाक्य वॉरंटवर लिहिता येत नाही. कंपनीचं नाव आणि पत्ता, पगाराची बँक, गाडीचा नंबर, गट नंबर असलेला सातबारा, भाड्याने दिलेली खोली, असं नेमकं लिहा. मूळ केसमध्ये त्याने मालमत्ता व देण्यांचं शपथपत्र दिलेलं असतं. त्याची नक्कल काढा, निम्मी यादी तिथेच मिळते.

यादीत फक्त त्याची मालमत्ता घ्या. सातबारा सासऱ्यांच्या नावावर, मोटरसायकल दिराची, फ्रीज सासूचा, हे सगळं यादीत घातलं की हरकती येतात, वॉरंट महिनोन् महिने रेंगाळतं आणि ज्यांचा आदेशाशी संबंध नाही त्यांना त्रास होतो.

## टप्पा ७: नोटीस पोचवणं

प्रकरणं सर्वाधिक अडकतात ती इथे. कोर्ट नोटीस काढतं, ती पोलीस ठाण्यात जाते आणि "सदर इसम मिळून आला नाही" असा शेरा घेऊन परत येते. पुढची तारीख दोन महिन्यांनी. असं चारदा झालं की वर्ष गेलं.

क्रम असा ठेवा:

१. घराचा आणि कामाचा, दोन्ही पत्ते द्या. खूण लिहा: कोणत्या शाळेमागे, कोणत्या स्टॉपजवळ.
२. नोटीस कोर्टातून बाहेर पडली का ते विचारा आणि जावक क्रमांक व तारीख टिपून घ्या. जावक क्रमांक नसेल तर नोटीस टेबलावरच आहे असं समजा.
३. तो नंबर घेऊन संबंधित पोलीस ठाण्यात समन्स-वॉरंटचं काम बघणाऱ्या अंमलदाराला भेटा. तो माणूस किती वाजता घरी असतो ते सांगा.
४. नोटीस परत आली तर त्याच तारखेला नवा पत्ता देऊन पुन्हा नोटीस मागा.

सावधान: जुना, रिकाम्या घराचा पत्ता मुद्दाम देऊन एकतर्फी वॉरंट मिळवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तो माणूस नंतर येऊन सगळं रद्द करून घेतो आणि तुम्ही पुन्हा पहिल्या टप्प्यावर.

## टप्पा ८: जप्ती आधी, तुरुंग नंतर

कलम १२५ किंवा १४४ चा क्रमच असा आहे. आधी दंड वसूल करतात त्या पद्धतीने रकमेच्या वसुलीचं वॉरंट निघतं: जंगम मालमत्तेची जप्ती आणि विक्री, किंवा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली. वॉरंट बजावल्यावरही जे उरेल, त्यातल्या प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी जास्तीत जास्त एक महिना, किंवा त्याआधी पैसे भरले तर तोवर, कैद होऊ शकते. थेट अटकेची मागणी करणारे अर्ज म्हणूनच वरच्या कोर्टात टिकत नाहीत.

नोकरदार माणूस असेल तर पगार हा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग. आदेश घरगुती हिंसाचार कायद्याखाली असेल तर कलम २० च्या सहाव्या पोटकलमाने कोर्ट मालकालाच पगारातला भाग थेट अर्जदाराला द्यायला किंवा कोर्टात भरायला सांगू शकतं. दिवाणी पद्धतीने वसुली असेल तर पोटगीसाठी पगाराचा एक तृतीयांश भाग जप्तीबाहेर राहतो, म्हणजे दोन तृतीयांशापर्यंत हात घालता येतो. मी तेवढा मागत नाही. चालू हप्ता आणि त्यावर थकबाकीचा झेपेल असा हप्ता, एवढं मागते. पगार पूर्ण पिळला की माणूस नोकरी सोडतो, आणि नवीन मालक शोधण्यात सहा महिने जातात.

कैदेबद्दल एक गैरसमज दोन्हीकडे आहे. "महिनाभर आत राहिलो, आता फिटलं." फिटत नाही. कुलदीप कौर विरुद्ध सुरिंदर सिंग या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की तुरुंग हे वसुलीचं साधन आहे, रक्कम फेडण्याची पद्धत नाही. पैसे दिल्याशिवाय देणं संपत नाही.

म्हणून वॉरंट मागताना स्वतःला विचारा: हा देऊ शकत नाही, की देत नाही? रिक्षा बँकेने ओढून नेलेल्या माणसाला आत टाकलं तर तो महिना त्याची मजुरीही बुडते. दोन फ्लॅटचं भाडं खाणाऱ्याला मात्र जप्तीच्या वॉरंटाचीच भाषा कळते, आणि तिथे मी एक तारीखही सोडत नाही.

## टप्पा ९: हप्ते आणि तडजोड

वॉरंट निघालं की बहुतेक जण थोडे पैसे घेऊन हजर होतात. स्वीकारा, पण कोर्टासमोर. रक्कम, तारीख, कोणत्या महिन्यांची, हे लिहून पुरसिस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) द्या आणि रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या तारीखवार नोंदीत, ते आलं का बघा. कोर्टाबाहेर जिन्यात रोख घेऊन "मिटलं" म्हणून सही करू नका.

हप्ते ठरवताना चालू महिन्याची रक्कम पहिली, थकबाकीचा हप्ता वेगळा. "आता ६० चे ४० घ्या आणि सोडा" असा प्रस्ताव आला, तर मुलाच्या रकमेवर आईला परस्पर पाणी सोडता येत नाही हे आधी सांगा. हप्त्यांची मुदत वाढवा, मुलाचा आकडा कमी करू नका.

## पैसे थकलेल्या वडिलांसाठी

नोकरी गेली, आजारपण आलं, तर पहिल्याच महिन्यात आदेशात बदल मागण्याचा अर्ज करा, तेच कलम १२७ किंवा १४६. नोकरीवरून काढल्याचं पत्र, हॉस्पिटलचे कागद, बँक स्टेटमेंट जोडा. स्वतःच रक्कम कमी करून पाठवू नका. आदेश बदलेपर्यंत जुनाच आकडा चालू राहतो आणि आधी साठलेली थकबाकी नव्या आदेशाने आपोआप पुसली जात नाही.

जमेल तेवढं दर महिन्याला खात्यावर पाठवत राहा, नोंदीत "अमुक महिन्याची पोटगी" असं लिहून. सहा हजारांऐवजी दोन हजार आले तरी पुरेसं कारण आहे की नाही हे ठरवताना ते तुमच्या बाजूने बोलतं. रोख देणं बंद करा. आणि "मी बेकार आहे" एवढ्यावर विसंबू नका. अंजू गर्ग विरुद्ध दीपक कुमार गर्ग (२०२२) निकालानुसार धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनही बायको-मुलांना पोसावं, अशी सर्वोच्च न्यायालयाची अपेक्षा आहे.

नोटीस आली तर टाळू नका. हजर राहा, तुमचा तक्ता आणा. आईच्या तक्त्यात चूक असेल तर ती सुधारून घेण्याची ही सर्वांत सोपी वेळ.

## टप्पा १०: वसुलीनंतर

प्रकरण निकाली काढण्याआधी तक्ता कोर्टाच्या नोंदींशी जुळवा. मग नवं पान सुरू करा. दर ११ तारखेला खातं बघा, आला नसेल तर त्याच दिवशी नोंद. दोन हप्ते चुकले की टप्पा ४ चं पत्र, तीन चुकले की अर्ज.

मूल १८ वर्षांचं झाल्यावर त्याची कलम १२५ किंवा १४४ खालची पोटगी साधारणपणे थांबते, तोवरची थकबाकी नाही. अठराव्या वाढदिवसाची तारीख आजच वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि त्याच्या तीन महिने आधी पूर्ण तक्ता वकिलाला दाखवा. हिंदू कुटुंबातली अविवाहित मुलगी असेल आणि तिला स्वतःचं भागवता येत नसेल, तर हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० खाली तिचा अर्ज वेगळा करावा लागतो. त्याची कागदपत्रंही त्याच भेटीत गोळा करायला घ्या.